लॅटिन हाऊस मिक्स करतोयस? आधी क्लावे ऐक

माद्रिदच्या डीजे चुस आणि पाब्लो सेबायोस यांच्या ‘इबेरिकन’ (त्यांनी स्वतःच्या शैलीला दिलेलं नाव) वळणाच्या तबकड्यांपासून सुरुवात करणार असशील, तर नुसत्या किकच्या (दर ठोक्याला पडणाऱ्या बास ड्रमच्या) मागे धावू नकोस. वेग साधारण १२४ ते १२८ बीपीएम (मिनिटाला ठोके), तो जुळवणं सोपं. फसगत होते ती क्लावेत, म्हणजे लॅटिन संगीताच्या पायाशी असलेल्या पाच आघातांच्या तालात. चार ठोक्यांच्या एका मापात तीन आघात पहिल्या अर्ध्यात, दोन दुसऱ्या अर्ध्यात पडतात, कधी उलटही. दुसरी तबकडी दोन ठोके मागेपुढे सुटली, की किक जुळते पण क्लावे उलटी बसते आणि कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) नुसत्या खडखडतात. नवख्याला वाटतं पिच (तबकडीचा वेग) चुकला, मग तो उगाच स्लायडर हलवत बसतो. ३२ ठोक्यांच्या टप्प्याचा पहिला ठोका धरूनच तबकडी सोड.

बेस एका वेळी एकीचाच ठेव. दोन्हींत कोंगा असतील तर एकीचा मिड (मधल्या पट्टीचा आवाज) थोडा उतरव. पियानो किंवा गायन सुरू असताना लांब मिक्स नको: विनाइलवर सुमारे ६ टक्के पिचने सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे ३ टक्क्यांतही बेसूर कळतो. आणि हो, आरपीएमचं (मिनिटाला किती फेऱ्या, त्याचं) बटण बघ. १२ इंची असूनही काही ४५ वर चालतात.