सोशल मीडियाने रोजच्या जगण्यात खरंच काही भलं केलं का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, ‘गुड मॉर्निंगपलीकडे मला तरी काही दिसत नाही.’ रात्री अकरा वाजता प्लेटलेटसाठी दाता शोधायची वेळ तुमच्यावर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाळा सरता सरता पुण्यात डेंगी वाढतो आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘एसडीपी दाता हवा’ सुरू होतं. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तपेढीत फार साठवता येत नाहीत. दाता ताजा लागतो, आणि तो शेजारच्या विंगमध्येच असू शकतो. मला विचाराल तर सोशल मीडियाचं यापेक्षा मोठं काम नाही.

पण मेसेज धड लिहा. ‘अर्जंट बी पॉझिटिव्ह, फॉरवर्ड करा’ हा कचरा आहे. रक्त हवंय की प्लेटलेट? नुसतं रक्त हवं असेल तर आधी ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर जवळच्या पेढीतला साठा बघा. एसडीपी हवं असेल तर रक्तगट, रुग्णालय, पेढीचा पत्ता, नातेवाइकाचा नंबर आणि ‘अमुक तारखेला इतक्या वाजेपर्यंत’ हे हवंच. दात्यासाठीही लिहा: स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखावर, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन नाही, हाताची शीर ठसठशीत, यंत्रावर तास-दीड तास बसायची तयारी. नाहीतर माणूस हडपसरहून कोथरूडला येतो आणि शीर बारीक म्हणून तसाच परत जातो.

शक्यतो स्टेटसला टाका, चोवीस तासांत आपोआप जातं. ग्रुपवरचा मूळ मेसेज पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती फिरतच राहतात. आमच्या मेहुण्यांना हेच पटत नाही. दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो, म्हणून ते कॉपी करून नव्याने चिकटवतात आणि वर समाजसेवा म्हणतात. अहो, मेसेज फार फिरलाय, आधी तारीख बघा, एवढंच तो बाण सांगतो!

रुग्णाच्या रिपोर्टचा फोटो टाकू नका. दात्याने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे; पेढीचं प्रक्रिया शुल्क वेगळं, ते पावती घेऊन भरा. आणि दाता मिळाला की त्याच ग्रुपवर ‘मिळाला’ लिहा, नाहीतर आयसीयूबाहेर बसलेल्या त्या नातेवाइकाचा फोन पुढचे दोन दिवस वाजत राहतो.