टीपीडी कर्जमाफीसाठी दिलेले आजाराचे कागद पुढे कुठे जातात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अमेरिकन नागरिक, स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बरीच वर्षं झाली, नोकरी टिकत नाही आणि कॉलेजचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज तसंच पडून आहे. टीपीडी, म्हणजे संपूर्ण आणि कायमच्या अपंगत्वामुळे मिळणारी कर्जमाफी, मागायची आहे. पण फॉर्मवर आजाराचं नाव लिहिलं की ते सरकारदरबारी राहणार आणि उद्या नोकरी देणाऱ्यासकट कुणाच्याही हाती लागणार, अशी धास्ती आहे. ‘हिपा (वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा) आहे, काळजी करू नका,’ असं ओळखीच्या एकांनी सांगितलं, ते खरं का?

खरं नाही, आणि हा गैरसमज आपल्या लोकांत फार पसरलाय. हिपा बांधतो तो डॉक्टरला, हॉस्पिटलला, विमा कंपनीला. माफीचा अर्ज ज्याच्याकडे जातो ते अमेरिकेचं शिक्षण खातं यात कुठेच येत नाही. मुलाने फॉर्मवर सही करून डॉक्टरला माहिती द्यायची परवानगी दिली, कागद दवाखान्यातून निघाला, की त्या कागदापुरता हिपाचा संबंध संपला. पुढे लागू होतो 1974 चा प्रायव्हसी ॲक्ट. सरकारी खात्याने व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची नोंद बाहेर देऊ नये, हा त्याचा मूळ नियम. पण त्याला बारा अपवाद आहेत आणि त्यातले दोन मोठे आहेत. एक, खात्यातल्याच माणसाला कामासाठी लागलं तर. दुसरा, ‘रुटीन यूज’, म्हणजे खात्याने फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात आधीच जाहीर करून ठेवलेले उपयोग. कर्जाचं काम बघणाऱ्या कंत्राटी कंपन्या, न्याय खातं, आणि काही वेळा सरकारी नोकरी, सुरक्षा परवाना किंवा व्यावसायिक लायसन्स देणाऱ्या संस्था यात येतात. खाजगी कंपनीचा एचआर फोन करून हे कागद मागवू शकत नाही. म्हणजे तुमची मुख्य भीती, नोकरीची, बऱ्याच अंशी अनाठायी आहे. सरकारी किंवा संरक्षण क्षेत्रातली नोकरी असेल तर मात्र पार्श्वभूमी तपासणीत प्रश्न येऊ शकतो, हे धरून चला.

आता हा कायदा मोडला गेला तर हाती काय लागतं, ते बघा. सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) विरुद्ध कूपर हा निकाल मी प्रत्येकाला सांगते. स्टॅनमोर कूपर हा हौशी वैमानिक. त्याला एचआयव्ही होता, ते त्याने एफएएपासून लपवलं होतं, पण अपंगत्वाचा भत्ता घेताना सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तो भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याला, सांगितलं होतं. पुढे वाहतूक खात्याने उत्तर कॅलिफोर्नियातल्या सुमारे 45,000 वैमानिकांची नावं सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि ते उघड झालं. खोटी माहिती दिल्याचा गुन्हा त्याने कबूल केला, तो भाग वेगळा. पण आपली वैद्यकीय नोंद अशी एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जायला नको होती, म्हणून त्याने दावा लावला. न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की प्रायव्हसी ॲक्टखाली भरपाई मिळते ती पैशात मोजता येणाऱ्या नुकसानीची, मनस्तापाची नाही. आजाराची माहिती फुटते तेव्हा जवळजवळ सगळं नुकसान मनस्तापाचंच असतं. त्यामुळे नंतर कोर्टात बघून घेऊ, यावर भिस्त ठेवू नका. काळजी घ्यायची ती कागद द्यायच्या आधीच.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं: मुलाला एसएसआय किंवा एसएसडीआय (सोशल सिक्युरिटीचे अपंगत्वाचे भत्ते) मिळतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मिळत असेल तर डॉक्टरच्या फॉर्मची वाट धरण्याआधी सोशल सिक्युरिटीची वाट तपासा. तिथे शिक्षण खात्याला आजाराचा तपशील लागत नाही. भत्त्याचा प्रकार आणि पुढची वैद्यकीय फेरतपासणी किती वर्षांनी आहे, हे बघतात. 2021 पासून तर शिक्षण खातं आपल्या कर्जदारांची यादी सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी जुळवून पात्र लोकांची कर्जं अर्जाविना माफ करू लागलं. त्या वेळी 3,23,000 लोकांची 5.8 अब्ज डॉलर्सची कर्जं माफ होणार असल्याचं जाहीर झालं होतं. माजी सैनिकांसाठी अशीच सोय 2019 मध्ये सुरू झाली. ही जुळणी मनाला येईल तशी करता येत नाही. प्रायव्हसी ॲक्टच्या 1988 च्या दुरुस्तीनुसार दोन खात्यांत लेखी करार लागतो, तो जाहीर करावा लागतो, आणि जुळणीवरून कुणाचं नुकसान होईल असा निर्णय घ्यायचा तर आधी माहितीची स्वतंत्र खातरजमा आणि त्या माणसाला नोटीस द्यावी लागते. अशा अर्जाविना माफीचं पत्र आलं आणि माफी नकोच असेल, तर नाकारायचाही पर्याय असतो. पत्रातली मुदत तेवढी बघा.

सोशल सिक्युरिटीतून जमत नसेल तर मग डॉक्टरचा फॉर्म. 1 जुलै 2023 पासून एमडी आणि डीओ या पदव्यांच्या डॉक्टरांखेरीज नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट आणि परवानाधारक सायकॉलॉजिस्टही तो भरू शकतात. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी काय झालं ते सांगते. दवाखान्यातल्या रेकॉर्ड्सच्या बाईंनी फॉर्मच्या मागे त्याचा अख्खा चार्टच लावला: थेरपीतल्या नोंदी, लहानपणीच्या घरगुती भानगडी, आईच्या आजारपणाचा उल्लेख, सगळं. त्यांचा हेतू चांगला होता, कागद जास्त असले की केस पक्की होते असं त्यांना वाटलं. पण फॉर्म मागतो ते एवढंच: निदान काय, कधीपासून, किती तीव्र, बसण्या-उठण्यापासून लोकांत वावरण्यापर्यंत काय जमत नाही, आणि हे सलग 60 महिने चाललंय किंवा चालेल अशी अपेक्षा आहे का. मी गठ्ठा तिथेच सोडवून फक्त फॉर्म घेतला आणि बाकीचं परत दिलं. सरकारला आणखी काही हवं असेल तर ते डॉक्टरला विचारतात, तेव्हा तेवढंच द्यावं. एकदा फाइलमध्ये गेलेलं पान नंतर काढून घेता येत नाही.

फॉर्म हातात आला की दवाखान्याच्या काउंटरवरच उभं राहून वाचा. निदान पूर्ण शब्दांत हवं, विम्याचे कोड किंवा संक्षेप चालत नाहीत. डॉक्टरचा लायसन्स नंबर आणि राज्य हवं. आजार सुरू झाल्याची तारीख दोनदा बघा, कारण पात्रता त्यावर मोजतात आणि डॉक्टर पुष्कळदा स्वतःकडे पहिल्यांदा आलेली तारीख टाकून मोकळे होतात. डॉक्टरच्या सहीपासून 90 दिवसांत अर्ज पोचला पाहिजे. अर्ज आता स्टुडंटएड डॉट गव्ह वरूनच करायचा. पूर्वी हे काम नेलनेट कंपनीकडे होतं, त्यामुळे जुने लेख वाचून जुन्या पत्त्यावर कागद पाठवू नका. याला फी नाही. पैसे घेऊन करून देतो म्हणणाऱ्याला मुलाचा लॉगिन तर अजिबात देऊ नका, कारण मग माहिती सरकारकडून फुटायची गरजच उरत नाही.

ताई, एक गोष्ट कदाचित तुम्हाला टोचेल. मुलगा सज्ञान आहे, त्यामुळे आई म्हणून तुम्हाला त्याची फाइल बघायचा हक्क आपोआप मिळत नाही, तुम्ही त्याचं सगळं करत असलात तरी. अर्जासाठी प्रतिनिधी नेमायचा वेगळा फॉर्म आहे, त्यावर त्याची आणि तुमची दोघांची सही लागते. पॉवर ऑफ ॲटर्नी आहे म्हणून हा फॉर्म टळत नाही. तो बरा असेल त्या दिवशी, शांतपणे समजावून सही घ्या. आपल्या घरांत आई-वडील मुलाला न सांगता कागद हलवतात, प्रेमापोटीच. पण मानसिक आजार असलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल काहीतरी चाललंय असं कळलं की काय होतं, ते मी घरात पाहिलंय. आजार त्याचा आहे, कुणाला सांगायचं हे ठरवायला तोच हवा.

माफी मंजूर झाली की काही महिन्यांनी मुलाच्या नावाने शिक्षण खात्याकडे प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःच्या नोंदी मागवा. नागरिक आणि ग्रीनकार्डधारक दोघांनाही हा हक्क आहे. टीपीडीचा अर्ज आणि त्याबरोबरची कागदपत्रं असं स्पष्ट लिहा, नुसतं ‘माझी फाइल’ लिहिलं तर उत्तर लांबतं. ओळख पटवायला नोटरी किंवा खोटं ठरल्यास शिक्षेला पात्र असल्याचं स्वतःच्या सहीचं प्रतिज्ञापत्र जोडा. चुकीची तारीख, दुसऱ्याचं पान, असं काही निघालं तर दुरुस्ती मागता येते. डॉक्टरचं मत पटत नाही म्हणून ते बदलत नाहीत. दुरुस्ती नाकारली तर अपील करता येतं, तेही फेटाळलं तर आपलं असहमतीचं निवेदन फाइलला जोडता येतं आणि ती नोंद पुढे कुणाला दिली तर निवेदनही बरोबर जावं लागतं. ही सोय फार कमी लोक वापरतात.

2025 मध्ये डोजच्या, म्हणजे सरकारी खर्चकपातीसाठी नेमलेल्या गटाच्या, माणसांना शिक्षण खात्याच्या संगणकांत शिरकाव मिळाला, त्यावरून तुम्ही घाबरला असाल तर ती भीती मी खोटी म्हणणार नाही. मेरीलँडच्या फेडरल न्यायाधीश डेबोरा बोर्डमन यांनी त्याला मनाई केली होती, पण ऑगस्ट 2025 मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने ती मनाई उठवली. वाद त्याच ‘खात्यातल्या माणसाला कामासाठी लागलं तर’ या अपवादावर होता. आपल्या हातात एवढंच आहे की त्या संगणकात मुलाचं जेवढं लागतं तेवढंच असावं.

पण म्हणून माफी सोडू नका. पूर्वी माफीनंतर तीन वर्षं दरसाल उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागे आणि तो राहिला की कर्ज परत मानगुटीवर बसे. 2016 च्या सरकारी लेखापरीक्षण अहवालात दिसलं की माफीनंतर परत चढलेल्या कर्जांपैकी 98 टक्के केवळ फॉर्म न भरल्यामुळे चढली होती, उत्पन्न वाढल्यामुळे नाही. जुलै 2023 पासून ती अट गेली. आता तीन वर्षं सांभाळायचं ते एवढंच, की मुलाने नवं फेडरल कर्ज किंवा ‘टीच ग्रँट’ (शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना मिळणारं फेडरल अनुदान) घ्यायची नाही.

आणि तुमच्या नावावर पॅरेंट प्लस (मुलाच्या शिक्षणासाठी पालकाने घेतलेलं फेडरल) कर्ज असेल तर ते मुलाच्या आजारावरून माफ होत नाही, त्यात अपंगत्व पालकाचं बघतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांनी भारतातल्या बँकेतून काढलेली कर्जंही या योजनेत नाहीत. मुलाला कुठला भत्ता मिळतो ते कळवा, मग कुठली वाट धरायची ते नेमकं सांगते. निदान, जन्मतारीख, नंबर यांतलं काहीही इथे लिहू नका.