ज्वारी ‘वाढली’ म्हणजे काय

प्रिय ओवी,

काल फोनवर तू विचारलंस, “आजीचा डबा तर रिकामा होता, मग ती मामाला ‘ज्वारी वाढलीय रे, नवं पोतं फोड’ असं का म्हणाली? वाढली म्हणजे जास्त झाली ना?” मी कामावर निघाले होते, म्हणून ‘नंतर सांगते’ म्हटलं. पण दिवसभर तुझा प्रश्न डोक्यात होता, आता नीट बसून लिहिते.

आपल्या घरात धान्य, मीठ, तेल, कुंकू ‘संपलं’ असं म्हणायचं नाही. ‘वाढलं’ म्हणायचं. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी पिचली तर ‘वाढली’. संपण्याचा शब्द घरात उच्चारायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि बघ, ताटात अन्न घालण्यालाही आपण वाढणंच म्हणतो. मला हा आपल्या भाषेतला सगळ्यात सुंदर शब्द वाटतो.

पण तू डब्यात नीट वाकून पाहिलं नाहीस. तो रिकामा नव्हता. आजी डबा कधीच खरवडून काढत नाही, तळाशी मूठभर ज्वारी ठेवतेच. हे कशातून आलं, ते तुला कळायला हवं.

सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. आपली शाळूची ज्वारी तर पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. पुढे तिच्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. काळ्या, खोल रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती उभी राहते, तरी दाणा मोत्यासारखा भरतो. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते याच रानांमुळे. पूर्वी हे धान्य पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, कडब्याने नि भुशाने आतून लिंपलेली खोल विहीरच. ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड मोकळं करून थांबायचं. एखाद्या गोष्टीचं ‘पेव फुटलं’ असं आपण म्हणतो, ते याच पेवावरून.

त्याच मंगळवेढ्यात पंधराव्या शतकात दामाजीपंत बहामनी सुलतानाचे अंमलदार होते. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्यांना उघडून दिली. शिक्षा काय होईल ते त्यांना ठाऊक होतं. विठोबाने महाराचं रूप घेऊन बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी कोठार उघडणारा माणूस उरतोच, आणि मला तोच जास्त मोठा वाटतो.

आजीचा दुष्काळ १९७२ चा. ती चौदा वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची. मिलो म्हणजे ज्वारीच, पण आजी सांगते, तिची भाकरी थापताना कडेने चिरायची. इथे कॅन्ससमध्ये मी कामावर जाते त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच बुटकी, तांबड्या कणसांची ज्वारी असते. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी याच राज्यात पिकते, आणि त्यातली बरीचशी गुराढोरांना आणि इथेनॉलला जाते. ती रानं बघितली की मला दर वेळी खडी फोडणारी चौदा वर्षांची आजी आठवते.

आता वेळ अमावस्येला, मार्गशीर्षातल्या त्या रान पुजायच्या सणाला, तुम्ही अक्कलकोटकडच्या शेतावर जाल. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करतील, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतील. भज्जी नीट बघ. तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, चिंच, त्या महिन्यात रानात जे जे आहे ते सगळं एका पातेल्यात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं, म्हणून भाकरीबरोबर ती भज्जी पोटाला पुरी पडते. आपल्या पणज्यांना लायसिन हा शब्द माहीत नव्हता, पातेलं मात्र बरोबर होतं. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली आंबील मडक्यातून आधी पिकावर शिंपडतील, मग माणसांना देतील. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. तो नको म्हणाला तरी सोडत नाहीत. तूही एकाला हाक मार, ‘काका, जेवून जावा’ म्हण.

ज्वारी तेव्हा पोटऱ्यात आलेली असेल, म्हणजे कणीस अजून पानाच्या आत असेल. पुढे दाणा भरला की पाखरं येतील. मामा गोफण घेईल, पण कडेची एक ओळ तो राखत नाही. का, ते त्यालाच विचार.

आणि मामाने पोतं फोडलं नसेल अजून, तर एक कर. नवी ज्वारी भरण्याआधी आजी तळाची जुनी मूठ सुपात काढून ठेवते, डबा भरला की तीच सगळ्यात वर टाकते. या वेळी ती मूठ तू टाक.

तुझी,
आई