उतरायचं, पण कशावरून?

प्रश्न : इंग्रजी ‘अलाइट’ (उतरणे) या क्रियापदाला शब्दकोशात पाच-सहा चेक शब्द दिलेत. कुठला कुठे वापरायचा? मुलगी चेकियात ब्रनो शहरात शिकते, उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. ती म्हणते, ट्रॅममधून उतरण्याला ‘व्हीस्तुप’ म्हणतात. पण तिनेच पाठवलेल्या फोटोत डोंगर चढायच्या वाटेवर पाटी होती, तिच्यावरही ‘व्हीस्तुप’! एकाच शब्दाने उतरायचं आणि चढायचंही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो, दोन्ही. मोटारकारखान्यात चेक अभियंत्यांची दुभाषी म्हणून माझी बरीच वर्षं गेली, आणि हा प्रश्न तिकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस विचारायचा.

गाडीतून उतरणं म्हणजे ‘व्हिस्तोउपित’. ‘व्हीस्तुप’ हे त्याचं नाम. यात खाली जाण्याचा काही संबंध नाही. ‘व्हि’ म्हणजे बाहेर, पुढचा भाग पाऊल टाकण्याचा. म्हणून बस, ट्रॅम, आगगाडी, विमान, इतकंच काय लिफ्ट, सगळ्यांना हेच क्रियापद चालतं. प्रागच्या मेट्रोत दारं लागण्याआधी आवाज येतो : ‘उकोन्चेते, प्रोसिम, व्हीस्तुप अ नास्तुप, द्वेर्झे से झव्हीरायी’. चढ-उतार आटपा, दारं बंद होताहेत. ही मेट्रो 1974 साली सुरू झाली. मुस्तेक, मुझेउम आणि फ्लोरेन्त्स या तीन स्थानकांवर गाडी बदलता येते, आणि त्या बदलण्याला ‘प्र्शेस्तुप’. मूळ तेच, उपसर्ग तेवढा वेगळा.

आता डोंगर. ‘व्हि’चा दुसरा अर्थ ‘वर’. स्नेझ्का हे चेकियातलं सर्वांत उंच शिखर, 1603 मीटर. तिथे पायी चढलात तर तो व्हीस्तुप. रोपवेने गेलात आणि वर पोचून पाळण्यातून बाहेर पडलात, तर तोही व्हीस्तुप. पायी खाली आलात की मात्र ‘सेस्तुप’.

हसू येत असेल तर आपल्या ‘उतरणे’कडे बघा. ते संस्कृत ‘उत्तरति’वरून आलं. उद् म्हणजे वर, आणि मूळ अर्थ पाण्यातून वर येणे, पार होऊन काठाला लागणे. नावेतून काठावर येणारा माणूस म्हणजे उतरलेला माणूस. परीक्षेत ‘उत्तीर्ण’ होतो तोही त्याच धातूचा. पुढे मराठीत या शब्दाने दिशाच बदलली आणि तो खाली निघाला. चेक शब्दाने दोन्ही दिशा ठेवल्या, एवढाच फरक.

इंग्रजी ‘अलाइट’ची गंमत निराळी. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘हलकं करणे’ या अर्थाच्या शब्दातून आला : स्वार उतरला, घोड्याचं ओझं गेलं. आज तो घोड्यापेक्षा लंडनच्या भुयारी गाडीच्या घोषणांतच जास्त भेटतो. बोलताना कोणी सहसा वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

घोड्यावरून किंवा सायकलवरून, म्हणजे पाय दोन्हीकडे टाकून बसलेल्या कशावरूनही उतरायचं, तर चेकमध्ये ‘सेसेदनोउत’. यातला ‘सेद’ हा आपल्या सद् (बसणे) धातूचा सख्खा भाऊ, उपनिषदातला तोच. म्हणजे बसलेला माणूस खाली येतो. सायकलवाल्यांसाठी तिकडे पाटीच असते, ‘त्सिक्लिस्तो, सेसेदनि स कोला’. सायकलस्वारा, उतर. एकेरीत, बिनदिक्कत! झाडावरून किंवा शिडीवरून उतरायला ‘स्लेस्त’. घोड्याला तेही चालतं, पण बोलीभाषेत.

विमान स्वतः उतरतं ते ‘प्र्शिस्तात’. मराठीत विमान उतरलं आणि प्रवासीही उतरले; चेकमध्ये ही क्रियापदं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पक्षी किंवा फुलपाखरू फांदीवर येऊन बसतं, त्याला ‘उसेदनोउत’. तिथे मराठीही ‘उतरला’ म्हणत नाही, ‘बसला’च म्हणते, तेव्हा तुम्हाला अवघड जाणार नाही.

नजर एखाद्या गोष्टीवर जाते, एखादी कल्पना अचानक हाती लागते, तेव्हाही इंग्रजीत अलाइट म्हणतात. चेकमध्ये नजर ‘पडते’, आपल्यासारखीच, आणि कल्पनेला किंवा पुस्तकाला माणूस ‘नराझित’ करतो, म्हणजे जाऊन धडकतो. हे अर्थ प्रवासात लागणार नाहीत, सोडून द्या.

तुम्हाला लागेल तो एकच शब्द : ‘व्हिस्तुपुयेते?’ गर्दीच्या ट्रॅममध्ये पुढे उभ्या माणसाला विचारायचा, मुंबईच्या लोकलमध्ये ‘दादर उतरणार का?’ विचारतात तसा. तो उतरणार नसेल तर बाजूला सरकेल. ब्रनोकर ट्रॅमला ‘शालिना’ म्हणतात, तेही कानावर पडेल. आणि थांब्याच्या नावापुढे ‘न झ्नमेनी’ ऐकू आलं किंवा लिहिलेलं दिसलं तर दाराजवळचं बटण आधी दाबा. तिथे उतरणारं किंवा चढणारं कोणी नसेल तर गाडी न थांबता पुढे जाते.