वळणात नाक बाहेर जातं, रोल सेंटर बदलायचं का?

प्रश्न : आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी (विद्यार्थ्यांनी बनवलेली रेसगाडी) कोइम्बतूरच्या 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी तयार होते आहे. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १२०० मि.मी., डबल विशबोन (प्रत्येक चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन त्रिकोणी दांडे), कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल; ऋण म्हणजे वरची कड आत) −१°, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) २°, किंगपिनचा कल (त्याच अक्षाचा समोरून दिसणारा कल) ८°, स्विंग आर्म (चाक ज्या काल्पनिक दांड्यावर वर-खाली झुलतं त्याची लांबी) ३००० मि.मी. स्किडपॅडवर (आठच्या आकाराच्या चाचणी मार्गावर) नाक बाहेर जातं, म्हणजे गाडी हवी तितकी वळत नाही, आणि खडबडीत जागी ब्रेक मारला की गाडी डावी-उजवीकडे ओढते. सॉफ्टवेअरमध्ये रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती बाजूला कलते तो) बाजूला सरकताना दिसतं. नवे विशबोन बनवावेत का?
– एक संघ, पुणे

उत्तर : विशबोनला हात लावू नका. रोल सेंटर आडवं सरकतं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यापायी संघांचे महिने जातात, हे थांबायला हवं. आधी बाहेरचं पुढचं चाक वळणात जमिनीशी किती कललेलं आहे, ते काढा.

स्किडपॅडवरचा मार्ग सुमारे ९.१ मीटर त्रिज्येचा असतो. ५.३ सेकंदांची फेरी म्हणजे बाजूला साधारण १.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.३ पट). गाडी दर जीला १°, म्हणजे इथे १.३° कलते असं धरू (तुमचा आकडा मोजून घाला). अर्धा ट्रॅक भागिले स्विंग आर्म, म्हणजे ६०० भागिले ३०००. कलण्यातला फक्त २०% भाग भूमिती भरून काढते आणि उरलेला १.०४° कॅम्बर धनाकडे जातो. चाक १० अंश वळलं की कॅस्टर ०.३५° परत देतो, किंगपिनचा कल ०.१° काढून घेतो. तुमचा −१° जवळजवळ संपला, हातात −०.२° उरला. नाक बाहेर जाणारच.

अपराइट (चाकाचं हब धरणारा उभा भाग) आणि वरचं क्लेव्हिस (विशबोन जोडायचा काटा) यांच्यामधली ३ मि.मी. शिम (पातळ पत्रा) काढा. वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधलं अंतर २२० मि.मी. असेल तर १ मि.मी.ला ०.२६° मिळतो, म्हणजे स्थिर कॅम्बर −१.८° होईल. चासीच्या ब्रॅकेटमध्ये जागा असेल तर स्पेसर पुढे घालून वरचा विशबोन ६ मि.मी. मागे न्या, कॅस्टर साडेतीन अंशांवर येईल आणि वळणातला कॅम्बर −१.२५° च्या आसपास राहील. स्टीअरिंग थोडं जड होईल, ते चालेल. स्विंग आर्म एकदम १००० वर आणू नका : ब्रेकखाली नाक १२ मि.मी. दबलं की दोन्ही चाकांचा कॅम्बर ०.७° ने बदलेल.

आता ओढण्याचं. हा बहुधा बम्प स्टीअर (चाक वर-खाली होताना आपोआप वळणं) आहे आणि तो कॅस्टर बदलल्यानंतरच मोजायचा, कारण अपराइट झुकल्याने टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोकही वर-खाली होतं; स्टीअरिंग आर्म ७० मि.मी. असेल तर जवळपास २ मि.मी.! स्प्रिंग काढा, रॅक (स्टीअरिंगचा दातेरी दांडा) मध्यावर पक्का करा. हबला सपाट प्लेट लावून तिच्यावर ३०० मि.मी. अंतराने दोन डायल गेज टेकवा. जॅकने चाक −२५ ते +२५ मि.मी. दर ५ मि.मी.ला हलवा. दोन गेजमधल्या फरकात ०.५ मि.मी.चा बदल म्हणजे टोमध्ये (वरून दिसणाऱ्या चाकाच्या आत-बाहेर कोनात) जवळपास ०.१°. संपूर्ण प्रवासात तेवढ्यावर थांबलात तर उत्तम.

चाकाच्या उंचीनुसार टोचा आलेख काढा. तो तिरका पण सरळ असेल तर टाय रॉडच्या टोकाची उंची चुकली आहे. १ मि.मी.चा वॉशर घालून पुन्हा मोजा. तिरपेपणा वाढला तर दुसऱ्या बाजूला घाला. आलेख धनुष्यासारखा वाकला, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेने बदलत असेल, तर टाय रॉडची लांबी चुकली. तिथे वॉशरने काही होणार नाही, रॅकची आतली टोकं हलवावी लागतील.

प्रश्न : एवढं करूनही आकडे गाडीत दिसत नसतील तर?

उत्तर : चासी स्टँडवर बांधा आणि टायरच्या तळाशी स्प्रिंग काट्याने १०० किलो आडवं ओढा. कॅम्बर अर्ध्या अंशाहून जास्त हलला तर दोष कागदावरच्या भूमितीत नाही. व्हील बेअरिंग, ब्रॅकेटचे पत्रे आणि रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा गोल सांधा) तपासा. कॅम्बरसाठी बाहेरच्या टोकाला रॉड एंडच लांबवला असेल, तर तो वाकण्याचा भार घेतो आहे. तो ब्रेकखाली मोडू शकतो. आधी तो काढा, गाडी नंतर चालवा.