पोवळ्याला हात न लावता

प्रिय,

अनेक आशीर्वाद. मालवणच्या पाण्यातल्या प्रवाळांचे फोटो काढून, त्यांची त्रिमितीय मॉडेल्स बनवून वाढ मोजायची, हा तुझा बेत वाचला. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं हे तू दोन पानं भरून विचारलं आहेस. आज मोजलेली वसाहत, म्हणजे प्रवाळाचा एकत्र वाढलेला गठ्ठा, पुढच्या वर्षी पुन्हा कशी सापडणार, याबद्दल मात्र एक ओळही नाही. माझ्या मते सगळा अभ्यास त्या न लिहिलेल्या ओळीवर उभा आहे.

आधीचे लोक काय करत ते बघ. प्रवाळाचं पृष्ठफळ हवं असेल तर सांगाड्यावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवायची आणि मग त्या फॉइलचं वजन करायचं. किंवा सांगाडा वितळलेल्या मेणात बुडवून किती मेण चिकटलं ते तोलायचं. वाढीसाठी जिवंत वसाहतीभोवती पिशवी बांधून आत अलिझरीनचा लाल रंग सोडायचा, काही महिन्यांनी वसाहत काढून कापायची आणि लाल रेघेच्या वर किती भर पडली ते मोजायचं. या पद्धतींना नावं ठेवू नकोस. आजही फोटोवरून काढलेलं पृष्ठफळ बरोबर आहे का, हे पडताळायला लोक मेणाकडेच वळतात. पण मेणात गेलेली वसाहत एकदाच आकडा देते. पाण्यात राहिलेली वसाहत दर हंगामात नवा आकडा देते, आणि पाणी तापून ती पांढरी पडली तर सावरते की मरते हेही तीच सांगते. फोटोंचा खरा फायदा हा आहे.

म्हणून पहिलं काम जागेच्या खुणेचं. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. तेवढ्यात तू शेजारच्याच खडकावर उतरशील. बोटीच्या तांडेलाला विचार. किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत धरून तो जागा नेमकी सांगेल. खाली गेल्यावर आजूबाजूच्या खडकाच्या भेगा, कपारी यांचा नकाशा पाटीवर हाताने काढ. कायमची खूण ठोकायची असेल तर फक्त मेलेल्या, उघड्या खडकात, आणि लेखी परवानगीनंतरच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तिथे नुसत्या अभ्यासासाठी उतरायलाही वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. दगडी प्रवाळ त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे ‘तुटून पडलेला एक तुकडा उचलला तर काय होतं’ हा विचार किनाऱ्यावरच सोडून ये.

फोटो भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या दिवसांत काढ. उधाणाला ओढ जास्त आणि गाळही जास्त. शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक यायला हवा, नाहीतर सॉफ्टवेअरला दुवे जुळवता येत नाहीत. झूम हलवायचा नाही. कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बंद ठेवायचं, कारण ते प्रत्येक फ्रेम आपल्या मर्जीने ताणतं. सरगॅसम हे समुद्रशेवाळ डोलत असेल तिथे मॉडेल बिघडणारच. हलणाऱ्या वस्तूचा आकार या पद्धतीने बांधता येत नाही. नुसत्या फोटोंवरून आकार मिळतो, माप मिळत नाही, म्हणून लांबी नेमकी माहीत असलेल्या दोन-तीन पट्ट्या चौकटीत हव्यात. त्या वाळूवर ठेव. प्रवाळावर टेकवलेली पट्टी आणि प्रवाळावर टेकवलेला गुडघा यांत प्रवाळाच्या दृष्टीने फरक नाही. तरंगत एका जागी स्थिर राहणं जमेपर्यंत कॅमेरा हातात घेऊच नकोस. कॅमेऱ्याच्या पडद्यात डोळे गुंतले की फिन्स कुठे आपटतात याचं भान राहत नाही, आणि ‘हात न लावता’ केलेल्या अभ्यासाने पाय लावलेला असतो.

आता माझा हट्ट. एकाच वसाहतीचं मॉडेल एकाच दिवशी दोनदा कर. वर येऊन पट्ट्या पुन्हा लाव, फोटो पहिल्यापासून काढ. दोन मॉडेल्स एकमेकांवर ठेवलीस की जो फरक दिसेल तो वाढीचा नाही, तुझ्या चुकीचा आहे. पोरायटीस जातीचं गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. तुझा एका दिवसातला फरकच तेवढा निघाला, तर वर्षभराने दिसलेल्या ‘वाढी’वर कोण विश्वास ठेवेल? कपारीखाली जिथे फोटो पोहोचत नाहीत तिथे सॉफ्टवेअर गुळगुळीत पडदा ओढून भोक बुजवतं आणि त्याचंही क्षेत्रफळ निमूट बेरजेत धरतं. अशी बुजवलेली जागा वेगळी दाखव.

फोटोतलं प्रवाळ कुठलं हे ओळखायचं काम यंत्रावर सोपवण्याआधी पहिले काहीशे फोटो स्वतः बसून नावं देऊन काढ. कोरलनेटसारखी फोटो ओळखणारी साधनं आपण दिलेल्या नावांवरूनच शिकतात. स्वच्छ, निळ्या पाण्यातल्या फोटोंवर तयार झालेलं यंत्र आपल्या गढूळ पाण्यात फॅव्हायटीस प्रवाळाला सरळ दगड म्हणून मोकळं होईल. पांढऱ्या रंगाबाबत तर फारच जपून. रंग गेलेलं प्रवाळ जिवंत असू शकतं. त्याच्या पारदर्शक मांसातून खालचा सांगाडा दिसत असतो. नुकतं मेलेलंही तसंच पांढरं दिसतं. जवळून पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जिवंत जीव, दिसतात का ते बघून पाटीवर लिही. फोटोत नंतर ते कळेलच असं नाही.

वसाहतीच्या आत काय आहे, हे मात्र फोटोंना कधीच कळणार नाही. पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक बेटावरच्या प्रवाळांचे काप क्ष-किरणांखाली धरून त्यांत वर्षावर्षाचे थर असतात हे १९७२ साली दाखवलं गेलं, आणि पडताळ्याला तिथल्याच, सालं ठाऊक असलेल्या अणुचाचण्यांचा थरांत उरलेला किरणोत्सार कामी आला. माणसाच्या उद्योगाचा असाही उपयोग! आता सीटी स्कॅनमध्ये सांगाडा न कापता ते थर दिसतात. तुला कधी त्या प्रश्नाकडे वळावंसं वाटलं, तर समुद्रात शिरण्याआधी संग्रहालयांची कपाटं उघडून घे. जुने नमुने तिथे पडून आहेत.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर मेशरूम आणि कोलमॅप फुकट मिळतात, सुरुवातीला पुरे आहेत. मेटाशेप सोपं आहे पण पैसे पडतात. मूळ फोटो दोन वेगळ्या डिस्कवर ठेव आणि एकही पुसू नकोस. दहा वर्षांनी कुणीतरी त्यांतून आणखी चांगलं मॉडेल काढेल. एका दिवसातल्या दोन मॉडेल्समधला फरक आधी मला कळव. तो बघून किती वसाहती घ्यायच्या ते ठरवू.

कळावे.