जुन्या व्यक्तिचित्रातली श्रीमंती कशी वाचायची?

प्रश्न : फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइकच्या १४३४ सालच्या ‘आर्नोल्फिनी’ या जोडप्याच्या चित्राबद्दल फार वाचायला मिळतं. कुत्रा म्हणजे निष्ठा, एकच जळती मेणबत्ती म्हणजे ईश्वर, बाईला दिवस गेलेत, आणि हे लग्न चाललंय. यातलं किती खरं मानायचं?

उत्तर : प्रतीकांपासून सुरुवात केलीत तर हमखास फसाल. आधी किंमत बघा. कुठली वस्तू त्या काळी महाग होती हे पडताळता येतं. तिचा ‘अर्थ’ मात्र बरेचदा नंतरच्यांनी लावलेला असतो.

सर्वांत जास्त वेळ कपड्यांना द्या. बाईचा हिरवा झगा उंची लोकरीचा आहे आणि इतका घेरदार, की पुढचा घोळ हाताने उचलल्याशिवाय पाऊल टाकता येऊ नये. एवढं कापड जमिनीवर लोळवायला ऐपत लागते. शिवाय त्याला फर लावलेली आहे, पुरुषाच्या अंगरख्यालाही. पोट पुढे दिसतं ते या उचललेल्या घोळामुळे आणि छातीखाली बांधलेल्या पट्ट्यामुळे. व्हान आइकने संत कॅथरीनलाही असंच रंगवलंय, आणि ती तर कुमारिका. तेव्हा दिवस गेल्याचा निष्कर्ष सोडून द्या.

खोलीत खिडकीपाशी संत्री आहेत. ब्रुजमध्ये (आजच्या बेल्जियममधलं शहर) ती दक्षिणेकडून आणावी लागत, म्हणजे महागच. पितळी झुंबर, फुगीर आरसा, पलंगाशी गालिचा. पलंग दिसला म्हणून ही निजायची खोली ठरत नाही. सधन घरांत पाहुण्यांना बसवायच्या खोलीतही पलंग असे. काय नाही तेही बघा : तलवार नाही, कुलचिन्ह म्हणजे घराण्याची निशाणी नाही. पैसा आहे, सरदारकी नाही. इटलीतल्या लुक्काहून आलेल्या आर्नोल्फिनी व्यापारी घराण्याशी हे नेमकं जुळतं.

हे चित्र म्हणजे लग्नाचा दाखला, असं कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्कीने १९३४ मध्ये मांडलं. पुढे इन्फ्रारेड तपासणीत रंगाखालच्या रेखाटनात कुत्रा, झुंबर, काढून ठेवलेल्या सपाता सापडल्याच नाहीत. ही सगळी रंगवता रंगवता भरली गेली. वधू मानली गेलेली जोवान्ना चेनामी तर १४४७ मध्ये, म्हणजे चित्रानंतर १३ वर्षांनी, लग्न झालेली निघाली. म्हणून सगळीच प्रतीकं खोटी असं नाही. आरशाच्या चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांचे १० प्रसंग चितारलेत, तिथला धार्मिक हेतू उघड आहे.

प्रश्न : चित्राच्या कोपऱ्यात कुलचिन्ह आणि ‘एटाटिस सुए २९’ असं दिसलं तर त्यावर विसंबावं का?

उत्तर : त्या लॅटिन शब्दांचा काटेकोर अर्थ ‘वयाच्या २९व्या वर्षी’, म्हणजे २८ पूर्ण. जन्मसाल काढताना इथेच एका वर्षाची चूक होते. कुलचिन्हावर मात्र लगेच विश्वास नको. नंतरच्या मालकांनी ती भर घातल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. भिंगाखाली धरा. भेग कुलचिन्हाच्या रंगालाही चिरत गेली असेल तर तो जुना असण्याची शक्यता जास्त. रंग भेगेत उतरला असेल तर तो नंतर चढवलेला.